दोन निळ्या वाफा, एक हिरवी

आमच्या घरात संध्याकाळी दोन ठिकाणी दिवे लागायचे आणि त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी देवळीतली समई, मग हॉटेलावरचा कप. समई लावून झाली की आई पदराला हात पुसत मधल्या दाराने हॉटेलात यायची, गल्ल्यामागच्या भिंतीवरचा काळा खटका खाली ओढायची आणि बाहेर पायरीवर जाऊन वर बघत हात जोडायची. बाकड्यावर बसलेले ट्रकवाले, उसाच्या गाडीवाले, कोण असतील ते चहाची बशी खाली ठेवून हात जोडायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण सगळे करायचे. वर आधी तांबडा कप उजळायचा, मग त्याच्यावरच्या तीन निळ्या वाफा एकामागून एक लागायच्या. लागायच्या आणि विझायच्या. त्यांना फिरवणारी छोटी मोटर मागे टक, टक, टक असा आवाज करायची, आणि त्याखाली एक बारीक गुणगुण सतत चालू असायची. त्या गुणगुणीतच मी कॉमर्सची पुस्तकं वाचली. आजही घर फार शांत असलं तर मला अभ्यास सुचत नाही, म्हणजे आता हिशेब तपासायला सुचत नाही.

आमचं हॉटेल कराडकडून उंब्रजला जाताना हमरस्त्याच्या कडेला, आमच्याच शेतात होतं. पुढे हॉटेल, मागे राहतं घर, त्यामागे ऊस. आई सिद्धनाथाच्या म्हसवडची, म्हणून माझ्या वडिलांनी, आप्पांनी, हॉटेलाला त्या देवाचं नाव दिलं. आप्पा एकदा हळदीच्या कामाने सांगलीला गेले असताना त्यांनी तिथे एका दुकानावर काचेच्या नळीतली, आतून पेटलेली अक्षरं पाहिली आणि ते परत आले ते त्याच नादात. पण नळी वाकवून अक्षरं करायची तर 'हॉटेल सिद्धनाथ' एवढं सगळं परवडण्यातलं नव्हतं. तेव्हा नाव पत्र्यावर रंगवलं आणि काचेचा फक्त कप करून घेतला. ही काटकसर फारच उपयोगी पडली, असं मी पुढे नेहमी म्हणत आले. नाव वाचायला अक्षरओळख लागते, थांबायलाही लागतं. कप धावत्या गाडीतून कळतो.

म्हणून तर त्या जागेचं नाव कप पडलं. आमच्या मागे दोन वस्त्या होत्या. तिथली माणसं एसटीने यायची-जायची, पण तिथे थांबा कधीच मंजूर नव्हता. ड्रायव्हर चहाच्या ओळखीने गाडी हळू करायचे, एवढंच. कंडक्टर ओरडायचा, "कपाचं कोण हाय? दाराशी या." बाजारातून येणाऱ्या बायका तिकीट उंब्रजचं काढायच्या आणि उतरायच्या कपाशी. दिलीप, माझा थोरला भाऊ, फौजेत भरती झाला, तेव्हा त्याने पहिल्या पत्रात आपल्या बराकीतल्या मित्रांना गावाचं नाव कप असं सांगितल्याचं लिहिलं होतं. आप्पांना ते आवडलं नव्हतं. गावाला गावाचं नाव असावं, असं त्यांचं म्हणणं.

कपाचा उजेड स्वयंपाकघरातही यायचा. वरच्या झरोक्यातून तो समोरच्या भिंतीवर पडायचा, आणि परातीतलं ज्वारीचं पीठ गुलाबी दिसायचं. आई भाकरी थापायची, मी चुलीपुढे बसून ती फुगेपर्यंत बघायची, आणि भिंत मधूनच निळसर होऊन परत तांबडी व्हायची. हॉटेलात कांदाभजी, चहा, दुपारी झुणका-भाकरी आणि खर्डा, एवढंच असायचं. आईचा खर्डा खाऊन एक पंजाबी ट्रकवाला डोळे पुसत म्हणाला होता, हे खायचं की जखमेवर लावायचं. तो पुढे दर खेपेला थांबायचा, आणि दर खेपेला तेच म्हणायचा.

मी कराडला कॉलेजात जात होते त्या वर्षी नाना, आप्पांचे धाकटे भाऊ, फौजेतून पेन्शनीवर आले. फौजेत ते ट्रक चालवायचे. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी कपबशा उंचीप्रमाणे लावल्या, बाकडी दोरी धरून सरळ केली आणि आचाऱ्याला दाढी करायला लावली. खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी कढई, झारे, तराजू, बंब, सगळं घासून मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. कपालाही दरवर्षी झेंडूचा हार असायचा. आप्पा शिडी लावून तो खांबाला अडकवायचे, आणि आई खालूनच हळदकुंकू उधळायची. नानांना हे पटलं नाही.

"आमच्या रेजिमेंटला गाडी धुतल्याबिगार पूजा न्हाई. चाकाचं नटसुदिक धुवायचं. ह्यो कप तर धुरानं काळा पडलाय, वैनी."

"व्हय की. त्याच्यावरच तर घर चाललंय," आई म्हणाली. "आणि त्याला आपण लांबनं नमस्कार करतो. ह्या वर्षी नारळ फोडू त्याच्यापाशी."

नानांनी शेतातल्या मोटरची रबरी नळी आणली आणि कप धुतला. कप धुतला, खांब धुतला, आणि खांबाच्या बुडाशी जो पत्र्याचा डबा होता, ज्यात विजेचा जोर वाढवणारा ट्रान्सफॉर्मर होता, तोही आतबाहेर धुतला. मग आईने त्या डब्याला हळदकुंकू लावलं आणि नारळ त्याच्याच कडेवर फोडला. पाणी आत गेलं. प्रसाद सगळ्यांना वाटला. संध्याकाळी आईने समई लावली, हात पुसले, खटका ओढला, आणि उसाच्या गाडीचं टायर फुटावं तसा आवाज झाला. बैलं उधळली. डब्यातून धूर आला आणि त्याला खोबरं भाजल्याचा वास होता.

त्यानंतर नाना जगले तोवर म्हणत राहिले की पाणी नळीचं नव्हतं, नारळाचं होतं. आई आजही म्हणते, नारळात पाणी ते किती असणार.

दसऱ्याला कप अंधारात होता. कुणी अपशकून वगैरे बोललं नाही, पण आईने सोनं वाटताना दोनदा वर पाहिलं. खरा परिणाम कळला तो सुट्टी संपून कॉलेज परत सुरू झाल्यावर. दिवस लहान झाले होते. मी कराडहून संध्याकाळच्या गाडीने येत होते, आणि नेहमीप्रमाणे आधीच उठून दाराशी उभी राहिले.

"कप आला," मी म्हणाले.

कंडक्टर नवा होता. त्याने वाकून बाहेर पाहिलं. "कुठं हाय कप? सगळा अंधारच हाय की."

"तो बंद पडलाय. पण जागा हीच आहे."

"अगं बाई, ड्रायव्हरला काय वास येतोय का जागेचा?" म्हणेपर्यंत गाडी पुढे गेली होती. त्यांचं काही चुकलं नाही. ते आम्हाला उतरवत होते तेच मुळी मेहेरबानी म्हणून. मी उंब्रजला उतरले आणि रस्त्याच्या कडेने परत चालत निघाले. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक अंगावरून जात होते, एक-दोघांनी उगाच हॉर्न वाजवले. निम्म्या वाटेत समोरून बॅटरी हलताना दिसली. आप्पा होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि घरापर्यंत बॅटरी माझ्या पायांपुढे धरून चालले. जेवण झाल्यावर हात धुताना आईला म्हणाले, "असं अंधारात पोरीनं हायवेनं चालत यायचं न्हाई. गाडी हितं थांबंना झाली तर कॉलेज बास. घरी बसून काय शिकायचं ते शिकू दे."

मला वाटतं, ती गुणगुण नसल्याचं त्या रात्री झोपताना मला पहिल्यांदा जाणवलं. म्हणजे झोपले नाहीच.

आप्पा कठोर नव्हते. त्यांनी उपायही शोधला होता. एका थंड पेयाच्या कंपनीचा माणूस कधीपासून मागे लागला होता. कंपनी फुकट पाटी देणार, प्लॅस्टिकची, आत ट्यूबलाइट. वर पेयाचं नाव मोठं, खाली हॉटेलचं नाव लहान. कप काढून त्याच खांबावर ती पाटी लावायची. सोमवारी तो माणूस पाटी घेऊन येणार होता. "उजेडाशी मतलब," आप्पा म्हणाले. "ड्रायव्हरला उजेड दिसला की झालं."

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी येताना खिडकीशी बसले आणि कराड सोडल्यापासून घरापर्यंत तसल्या पाट्या मोजल्या. आप्पा स्वतः हॉटेलासमोर रस्त्यावर बॅटरी घेऊन उभे होते, म्हणून गाडी थांबली. घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं, "आप्पा, रस्त्याला तसल्या सात पाट्या आहेत. सातही सारख्या. आठवी आपली आहे हे अंधारात ड्रायव्हरला कसं कळणार?"

आप्पा सुपारी कातरत होते. नाना कोपऱ्यात बसले होते, ते म्हणाले, "दादा, पोरगी बरोबर बोलतीया. सात सारख्या गाड्या उभ्या असल्या तर मला माझी गाडी नंबराबिगार घावायची न्हाई."

"तू गप. तुझ्यामुळंच झालंय हे."

"माझ्यामुळं न्हाई, नारळामुळं."

"आवं, कुणामुळं का असंना," आई म्हणाली. "ज्यानं केलाय त्याच्याकडंच न्या की. दुरुस्त झाला तर झाला. न्हाई झाला तर सोमवारी लावा तुमची पाटी."

आप्पांनी एवढंच सांगितलं, "रविवारी जायचं, रविवारीच यायचं."

नानांनी शिडी लावून नळ्या उतरवल्या. तांबडा कप नीट उतरला. निळ्या वाफांपैकी मधली उतरवताना टिचली, आणि नाना शिडीवर तसेच थांबले, जणू खाली उतरलंच नाही तर ते झालं नाही असं होईल. आम्ही सगळ्या नळ्या उसाच्या पाचटात गुंडाळून एका लांब करंडीत भरल्या. ट्रान्सफॉर्मर नानांच्या फौजी पिशवीत. रविवारी एसटीत ती करंडी नानांच्या आणि माझ्या मांडीवर आडवी होती, आणि शेजारच्या आजींनी सांगलीपर्यंत तीनदा विचारलं की आत कोंबड्या आहेत का आणि ओरडत कशा नाहीत.

कप करणारे मिस्त्री मल्लाप्पा. मूळचे जत भागातले, घरात कानडी, दुकानात मराठी. माडीवर एक लांब खोली, तिच्यात गॅसच्या शेगड्या, काचेच्या नळ्यांचे भारे आणि भिंतीला टेकलेली जुनी, विझलेली अक्षरं. रविवार होता, ते जेवायला बसले होते. नानांनी काय झालं ते सांगायला सुरुवात केली. खंडेनवमी म्हणाले, नळी म्हणाले, आणि मग अगदी हळू आवाजात नारळ म्हणाले. मल्लाप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"नारळ कशावर फोडला म्हणाला?"

"डब्यावर."

ते हसायला लागले ते थांबेचनात. त्यांची बायको आतून पाणी घेऊन आली. त्यांनी तिला कानडीतून सांगितलं, तर ती तांब्या खाली ठेवून भिंतीला टेकली. नाना फौजी माणूस, ताठ बसून राहिले. शेवटी म्हणाले, "मग सांगा, पाण्यानं गेला का नारळानं?"

"दोघांनी मिळून घालवला बघा. एकट्याचं काम नव्हं ते," मल्लाप्पा डोळे पुसत म्हणाले. "बसा आता. जेवा आधी. अक्का, तू पण बस," हे मला.

जेवण झाल्यावर त्यांनी नळ्या पाचटातून काढून एकेक उजेडाला धरल्या. तांबड्या कपाला काही झालं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर मेला होता. बंद पडलेल्या एका टॉकीजच्या पाटीवरचा जुना त्यांच्याकडे होता, तो चालणार होता. टिचलेली वाफ मात्र नवीच करावी लागणार होती, आणि साधी पांढरी काच संपली होती. पुढच्या आठवड्यात येणार होती. मी त्यांना सोमवारचं सांगितलं. पाटीचं सांगितलं, एसटीचं सांगितलं, आणि कॉलेजचंही. कॉलेजचं ऐकल्यावर ते नानांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "पिवळी काच हाय. तिच्यातनं निळा उजेड हिरवा दिसतोय. दोन निळ्या आणि एक हिरवी होईल. चालंल?"

"ड्रायव्हरला दिसेल ना?"

"आंधळा नसंल तर दिसंल की."

त्यांनी नळी शेगडीच्या आचेवर धरली. एका टोकाला लावलेली रबरी नळी दातात धरून ते हळूहळू फुंकत होते, म्हणजे वाकवताना काच चेपत नाही. काच मऊ झाली, आणि त्यांनी ती जमिनीवर खडूने काढलेल्या रेषेवर वाकवून ठेवली. वाफेची नागमोडी रेष. मग ती यंत्राला जोडली, आतली हवा काढली, दुसरी हवा भरली. तीन वाजायच्या सुमाराला खोलीत ती पहिल्यांदा पेटली. कोवळ्या उसाच्या शेंड्यासारखा हिरवा रंग. नाना उठून उभे राहिले. निघताना मल्लाप्पा दारापर्यंत आले. "पूजा करा, ना कोण म्हणतंय. पण लांबनं करा. देवाला लांबचं दिसतंय."

आम्ही उजेड असताना घरी पोचलो. नानांनी आणि आप्पांनी मिळून कप चढवला. आईने समई लावली, हात पुसले, खटका ओढला, आणि या वेळी कुणी बाकड्यावर बसलं नव्हतं, सगळे उभे होते. आधी तांबडा कप. मग निळी, मग हिरवी, मग निळी. टक, टक, टक. आप्पा बराच वेळ त्या हिरव्या वाफेकडे बघत होते. त्यांना चूक दिसली की लागून राहायची.

"असू दे," आई म्हणाली. "वेलची घातलीया म्हणायचं."

सोमवारी थंड पेयाचा माणूस पाटी घेऊन आला, चहा पिऊन, पाटी घेऊन परत गेला. संध्याकाळी कराडहून येताना मी दाराशी उभी राहिले. मी काही बोलायच्या आधीच तो नवा कंडक्टर वाकून बाहेर बघत ओरडला, "कपाचं कोण हाय?" मी बी.कॉम. झाले, पुढे सांगलीत एका पतपेढीत लागले, सांगलीतच लग्न झालं आणि घर झालं. हे सगळं कपामुळे झालं असं मी म्हणणार नाही, ते हिशेबाला धरून होणार नाही. पण तो त्या आठवड्यात कायमचा उतरला असता तर यातलं काय झालं असतं, ते मला मांडता येत नाही.

पुढे रस्ता दोनदा रुंद झाला. पहिल्या वेळी हॉटेल मागे सरकलं, दुसऱ्या वेळी सरकायला जागाच राहिली नाही. कप दिलीपने उतरवला, पाचटात गुंडाळला आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवला. आप्पा गेले, नाना गेले. गेल्या वर्षी दिलीपचा मुलगा संदेश याने सर्व्हिस रोडला चहाचं नवं हॉटेल काढलं, आणि कपाच्या आकाराची एलईडीची पाटी करून घ्यायचं ठरवलं. वीज कमी, वजन कमी, पावसाची भीती नाही. मी आकडे तपासले, त्याचे सगळे बरोबर होते. तसं मी त्याला सांगितलंही. मग म्हटलं, पण आधी माळ्यावरचा काढून बघू, त्याला खर्च लागत नाही.

सांगलीत मल्लाप्पांचा नातू बसवराज एलईडीच्याच पाट्या करतो. पण आजोबांची शेगडी आणि हवेचं यंत्र त्याने विकलेलं नाही. वर्षातून दोन-चार जण जुन्या पाट्या घेऊन येतात, असं तो म्हणाला. मी करंडी त्याच्यापुढे उघडली. पाचटाचा भुसा झाला होता. त्याने तांबडा कप पुसला, तारा जोडल्या, आणि तो पेटला. इतकी वर्षं माळ्यावर राहून, काहीही न करता, पहिल्याच झटक्याला. निळ्यांची टोकं काळवंडली होती, त्या परत भराव्या लागणार होत्या. हिरवी तर इतकी मंद झाली होती की ती नवीनच करावी लागणार होती.

"आत्या, ही मधली वेगळी कशी?" त्याने विचारलं. "मूळ निळी असणार. आता पांढरी काच मिळते. तिन्ही सारख्या करू? जुनी वस्तू जपायची तर मुळासारखी करावी."

मी त्याला नारळाची गोष्ट सांगितली. त्याने ती आजोबांकडून ऐकली होती, फक्त ती आमची आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्यांच्या घरात ती अजून सांगतात. हसून झाल्यावर त्याने न विचारता पिवळी काच काढली.

मागच्या महिन्यात कप चढवला. संदेशने ट्रान्सफॉर्मर बंद खोक्यात, उंचावर बसवला आहे. आई आता जास्त चालत नाही. तिला खुर्चीत बसवून पायरीपाशी आणलं. नारळ तिने स्वतः फोडला, पण पायरीवर, आणि फोडताना माझ्याकडे बघून म्हणाली, "नळीनं धुतलं न्हाई न्हवं कुणी?" मग खटका तिनेच ओढला. तांबडा, निळी, हिरवी, निळी. मोटरचा टक टक आवाज गेला आहे, आता ते काम एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी करते. गुणगुण मात्र तीच आहे.

तेवढ्यात सर्व्हिस रोडला कराडची गाडी हळू झाली. तिकिटाच्या मशीनमध्ये या थांब्याचं नाव वेगळंच आहे, पण आतून आवाज आला, "कप, कप, चला." पाठीला सॅक लावलेली एक मुलगी उतरली. मागच्या वस्तीवरची, संदेशच्या ओळखीची. दोन पावलं चालली आणि थबकून वर बघत राहिली.

"संदेशदादा, हे काय? म्हणजे खरंच कप होता व्हय हितं?"

"मग काय गं? नाव कशावरनं पडलं?"

"मला वाटायचं, नुसतंच म्हणत्यात." तिने मोबाइल काढला, एक फोटो घेतला, वाफा लागल्यावर आणखी एक घेतला आणि उसामधल्या वाटेने वस्तीकडे गेली. तिची पाठ त्या उजेडात बऱ्याच लांबपर्यंत तांबूस दिसत होती. आई ती वळेपर्यंत बघत होती. संदेश म्हणाला, बघून झालं असलं तर आज बंद करू, उद्यापासून रोज लावू.

"न्हाई रं," आई म्हणाली. "शेवटची गाडी यायची हाय अजून."